एआयकडून प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन लिहून घ्यायचंय? नवीन लोकांसाठी पायरी पायरीने

नाशिकमधे सातपूर, अंबड, कॉलेज रोड, गंगापूर रोड कुठेही बघा, पाच-दहा लोकांच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत आणि कामं मात्र भारी करतात, कारखान्यांचं ईआरपी, द्राक्षांच्या पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर, कांदा व्यापाऱ्यांचे हिशोब, पतसंस्था, दवाखाने. दुखणं बहुतेक ठिकाणी एकच, कोड चालतोय पण तो कसा चालतो हे कुठेच लिहिलेलं नाही, ते एका माणसाच्या डोक्यात आहे आणि त्या माणसाला पुण्यात जॉब लागला की तो नोटीस पिरियड भरून जातो. मग नवीन आलेली मुलं-मुली दिवसेंदिवस नुसता कोड वाचत बसतात आणि कोणाला काय विचारावं हेसुद्धा कळत नाही. हे सगळं त्यांच्यासाठी लिहितोय, म्हणजे ज्यांना आल्या आल्या "जरा डॉक्युमेंटेशन करून टाक" असं सांगितलं गेलंय त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. कोड काय करतो हे एआय वाचून सांगू शकतं, बऱ्यापैकी नीट सांगतं. पण कोड तसा का लिहिलाय हे कोडमधे नसतंच, ते माणसाकडूनच काढावं लागतं. त्यामुळे पहिला भाग मशीनवर सोडायचा आणि आपली ताकद दुसऱ्या भागाला लावायची. खालच्या सगळ्या पायऱ्या ह्याच हिशोबाने आहेत.

पायरी १: काय लिहायचंय ते ठरवा

"सगळं डॉक्युमेंट कर" असं एआयला सांगितलं तर ते पन्नास पानं देईल आणि ती कोणीच वाचणार नाही. कोण वाचणार आहे ते आधी बघा. डॅनिएले प्रोसिडा ह्यांची डायटॅक्सिस नावाची एक पद्धत आहे, त्यात डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार केलेत: शिकवणारं, एखादं काम कसं करायचं ते सांगणारं, संदर्भासाठीचं, आणि समजावून सांगणारं. छोट्या टीमला एवढ्या काटेकोरपणे जायची गरज नाही, पण हे चार प्रकार एकाच पानावर कालवायचे नाहीत एवढं जरी पाळलं तरी खूप फरक पडतो. माझ्या मते सुरुवातीला पाच गोष्टी पुरतात: रीडमी (प्रोजेक्ट काय आहे आणि कसा चालू करायचा ते सांगणारी पहिली फाईल), फंक्शनच्या डोक्यावरचे डॉकस्ट्रिंग (ते फंक्शन काय करतं ते कोडमधेच लिहिलेलं), एपीआयची (दुसऱ्या सॉफ्टवेअरने आपल्या सॉफ्टवेअरशी बोलायच्या वाटांची) माहिती, चेंजलॉग (कुठल्या आवृत्तीत काय बदललं त्याची यादी), आणि निर्णयांची नोंद. युजर मॅन्युअल लागत असेल तर ते सहावं. सगळं मार्कडाऊनमधे, म्हणजे साध्या खुणा असलेल्या टेक्स्ट फाईलमधे लिहायचं आणि कोडच्याच रिपॉझिटरीत (गिटमधे कोड जिथे ठेवतो तिथे) डॉक्स नावाच्या फोल्डरमधे ठेवायचं, वर्डच्या फाईलमधे नाही, कारण कोड बदलला की त्याच कमिटमधे (गिटमधे एका वेळी नोंदवलेल्या बदलात) डॉक्युमेंट बदलता आलं पाहिजे.

पायरी २: जिथे एआय लागत नाही तिथे वापरू नका

कोडमधून डॉक्युमेंटेशन काढायची टूल्स फार जुनी आहेत. जावाबरोबर जावाडॉक पहिल्यापासून आहे, डॉक्सिजन १९९७ चं, पायथनचं स्फिंक्स २००८ चं. ही टूल्स फंक्शनचं नाव, पॅरामीटर, टाईप हे सगळं थेट कोडमधून उचलतात, त्यात अंदाजाचा भाग नाही. एपीआयचंही तसंच, एपीआयचं वर्णन ठरावीक साच्यात लिहायचं स्वॅगर २०११ मधे आलं, २०१५ मधे ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं आणि मग त्याच्या स्पेसिफिकेशनला ओपनएपीआय म्हणायला लागले. तुम्ही पायथनमधे एपीआय लिहायला फास्टएपीआय वापरत असाल तर ओपनएपीआयचं पान आपोआपच तयार होतं, ते एआयकडून परत टाईप करून घेण्यात काहीच अर्थ नाही. एपीआयची यादी, कुठला फील्ड कंपलसरी आहे, कुठला टाईप आहे, हे जुन्या टूलने काढायचं, आणि तो फील्ड म्हणजे नक्की काय, कधी भरायचा, रिकामा सोडला तर काय होतं, हे वर्णन एआयकडून लिहून घ्यायचं.

पायरी ३: काय दाखवायचं, काय नाही

हे नीट वाचा, घाई करू नका. एआयला कोड देण्याआधी रिपॉझिटरीत पासवर्ड, एपीआय की, डेटाबेसचा पत्ता असलं काही पडलेलं आहे का ते शोधा. डॉट ईएनव्ही फाईल (पासवर्ड वगैरे बहुतेकदा हिच्यात असतात) गिटइग्नोरमधे, म्हणजे गिटने उचलायच्या नाहीत अशा फाईलच्या यादीत आहे का बघा, आणि एआय टूललाही ती वाचायला बंदी घाला, बहुतेक टूलमधे तशी सेटिंग असते. टेस्ट डेटा म्हणून खऱ्या गिऱ्हाईकांची नावं, मोबाईल नंबर, आधार नंबर टाकलेले असतात, हे फार ठिकाणी असतं, ते आधी खोट्या डेटाने बदला. वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मधे झालेला आहे, आणि कायदा नसता तरी शेतकऱ्याचा बँक खाते नंबर कुठल्याही चॅटमधे पेस्ट करायची गोष्ट नाहीच.

दुसरं म्हणजे क्लायंटबरोबरचं अ‍ॅग्रीमेंट. कोड बाहेरच्या सर्व्हिसला पाठवायला परवानगी आहे का हे आपल्या सरांना किंवा मॅडमना विचारा, आणि त्यांचं उत्तर ईमेलवर घ्या. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय, कोपायलट ह्या सगळ्यांचे फुकटचे प्लॅन आणि कंपन्यांसाठीचे प्लॅन ह्यात डेटा वापरायचे नियम वेगवेगळे असतात, सेटिंगमधे जाऊन बघायचं, दुसरा कोणी सांगतो म्हणून विश्वास ठेवायचा नाही. परवानगी नसेल तर ओलामासारखं टूल वापरून मॉडेल आपल्याच मशीनवर चालवता येतं, छोटं मॉडेल असल्यामुळे ते कमी हुशार असतं पण डॉकस्ट्रिंगसाठी चालून जातं.

पायरी ४: एआयला प्रोजेक्टची ओळख करून द्या

आता बरीचशी कोडिंग टूल्स प्रोजेक्टच्या मुळाशी ठेवलेली एक सूचनांची फाईल वाचतात, क्लॉड कोड क्लॉड डॉट एमडी वाचतं, बाकीची बरीच टूल्स एजंट्स डॉट एमडी वाचतात. ह्या फाईलमधे प्रोजेक्ट काय आहे, शब्द काय वापरतो, कुठली एककं आहेत, हे लिहून ठेवायचं. साधं दीड पान पुरे, आणि मराठीत लिहिलं तरी चालतं. उदाहरणार्थ:

"हे कांदा व्यापाऱ्याचं हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे. वजन डेटाबेसमधे किलोत असतं. भाव नेहमी क्विंटलचा असतो. काटापट्टी म्हणजे वजनाची पावती, हिशोबपट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या पैशांचा कागद. डॉक्युमेंटेशन लिहिताना जे कोडमधे दिसत नाही ते अंदाजाने लिहायचं नाही, तिथे 'विचारायचं आहे' असं लिहून प्रश्न मांडायचा. कौतुकाचे शब्द नकोत, वाक्यं छोटी ठेवायची."

ह्यातली अंदाज न करण्याची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती नसली की एआय रिकामी जागा स्वतःच्या मनाने भरतं आणि इतक्या आत्मविश्वासाने भरतं की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. ती ओळ असली म्हणजे शंभर टक्के थांबतं असं नाही, पण प्रश्न विचारायचं प्रमाण खूप वाढतं.

पायरी ५: एक फंक्शन घ्या आणि जवळून बघा

सगळा प्रोजेक्ट एकदम देऊ नका. एक मॉड्यूल घ्या, त्यातलं एकच फंक्शन घ्या. समजा शेतकऱ्याची रक्कम काढणारं फंक्शन आहे, त्यात वजन येतं, भाव येतो, दोघांचा गुणाकार होतो, त्याला शंभरने भागलं जातं, मग हमाली आणि तोलाई (माल उचलायचे आणि तोलायचे पैसे) वजा होते आणि आकडा परत जातो. पिंपळगाव नाहीतर लासलगावच्या मार्केटमधे एकदा जाऊन आलेल्या माणसाला शंभरने का भागलं हे सांगावं लागत नाही, वजन किलोत आहे आणि भाव क्विंटलचा आहे. २,३४० किलो कांदा, भाव १,८५० रुपये, म्हणजे ४३,२९० रुपये, मग त्यातून कपात.

पण एआयने मार्केट पाहिलेलं नाही. ओळखीची फाईल न देता विचारलं तर शंभरने भागाकार दिसला की "भाव हा टक्क्यांमधे आहे" असं ते लिहू शकतं, कारण बाकीच्या जगातल्या कोडमधे शंभरने भागणं म्हणजे बहुतेकदा टक्केच असतात. आकडा तरीही बरोबरच येतो, टेस्टही पास होतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आणि पुढे महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी ते डॉक्युमेंट वाचून स्क्रीनवर भावाच्या रकान्याला शंभरची मर्यादा घालतो आणि सकाळी लिलावाच्या वेळी एकही भाव टाकता येत नाही. चुकीचं डॉक्युमेंट नसलेल्या डॉक्युमेंटपेक्षा वाईट, ते ह्यासाठी.

म्हणून एआयला नुसतं "डॉकस्ट्रिंग लिही" म्हणायचं नाही. असं सांगा: "प्रत्येक पॅरामीटरचं एकक लिही, एकक कोडवरून सिद्ध होत नसेल तर प्रश्न म्हणून लिही, एक उदाहरण आकड्यांसकट दे, आणि चुकीची किंमत आली तर फंक्शन काय करतं ते लिही." उदाहरण आकड्यांसकट मागायचं ह्याचं कारण पायथनमधे डॉकटेस्ट नावाची सोय २००१ पासून आहे, डॉकस्ट्रिंगमधलं उदाहरण ती खरंच चालवून बघते आणि उत्तर जुळलं नाही तर टेस्ट फेल करते. म्हणजे उद्या कोणी फॉर्म्युला बदलला आणि डॉकस्ट्रिंग तसाच ठेवला तर लगेच कळेल. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

पायरी ६: "का" काढायचं कसं

इथे जास्त वेळ द्या, बाकी कुठे कमी पडला तरी चालेल.

वरच्याच फंक्शनमधे आणखी एक गोष्ट आहे, आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, वजा केलेली नाही. एआय हे बघून "कमिशनची कपात राहिलेली दिसते" असं लिहील, आणि नवीन मुलाला ते पटेलही. उत्तर कोडमधे नाही, ते मार्केटमधे आहे. राज्य सरकारने २०१६ साली फळं-भाज्या-कांद्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं केलं, म्हणून ती शेतकऱ्याच्या पट्टीत येतच नाही. आता हे एक वाक्य जर लिहिलेलं नसेल तर कोणीतरी कधीतरी "बग फिक्स" म्हणून आडत कापायला लागेल.

असली वाक्यं काढायची माझी पद्धत सांगतो. आधी एआयला मॉड्यूल वाचायला द्यायचं आणि सांगायचं की डॉक्युमेंट लिहू नको, फक्त प्रश्न काढ, ज्या गोष्टी कोडमधे आहेत पण ज्यांचं कारण कोडमधे नाही अशा दहा जागा, फाईल आणि ओळ नंबरसकट. हे काम एआय खरोखर छान करतं, माणूस ज्या जागांवरून सवयीने पुढे जातो तिथे ते थांबतं. मग ती यादी घेऊन त्या जुन्या माणसाकडे जायचं, चहाच्या वेळेला, आणि परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करायचं.

"दादा, ह्या फंक्शनमधे आडत कापलीच नाहीये, राहिलीये का?"
"नाही रे, ती आता शेतकऱ्याकडून घेतच नाहीत. खरेदीदाराच्या बिलात बघ, तिकडे आहे."
"आणि हे जुन्या तारखांना वेगळं का चालतं?"
"जुने हिशोब परत काढायला लागले तर तेव्हाच्याच नियमाने निघायला पाहिजेत ना. म्हणून तारखेची अट आहे ती, काढू नको."

ती तारखेची अट पाहून मीही आधी कचराच समजलो असतो. अर्ध्या तासात अशी सात-आठ उत्तरं मिळतात. रेकॉर्डिंगचं टेक्स्ट करून घ्यायचं, मराठी-इंग्रजी मिसळलेलं बोलणं आता बऱ्यापैकी टाईप होतं, नावं आणि आकडे मात्र स्वतः तपासा. ते टेक्स्ट एआयला देऊन प्रत्येक उत्तराची एक छोटी नोंद करून घ्यायची: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय. ह्या प्रकारच्या नोंदीला एडीआर (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड) म्हणतात, मायकेल नायगार्ड ह्यांनी २०११ मधे ही पद्धत मांडली, एका निर्णयाला एक छोटी फाईल, नंबर टाकून, आणि जुनी फाईल खोडायची नाही, निर्णय बदलला तर नवीन फाईल करून जुनीवर "रद्द, अमुक नंबर बघा" लिहायचं. तयार झालेली नोंद त्या दादांना परत वाचायला द्या. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यात एखादी तरी दुरुस्ती निघतेच.

कोणी नोटीस पिरियडवर असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हीच पायरी करा.

पायरी ७: रीडमी

रीडमी एआयकडून लिहून घेणं सोपं आहे, पण तो खरा आहे का हे वाचून कळत नाही, करून कळतं. नवीन डॉकर कंटेनर (आपल्याच मशीनवर वेगळी, कोरी जागा) उघडा नाहीतर नवीन लॅपटॉप घ्या आणि फक्त रीडमीमधल्या कमांड एकेक करून चालवा, मनाने काहीही जोडायचं नाही. जिथे अडेल तो मेसेज एआयला द्या आणि रीडमी दुरुस्त करून घ्या. आता एजंट प्रकारची टूल्स स्वतःच कमांड चालवून बघू शकतात, तेही चालेल, पण कंटेनरच्या आतच चालवू द्या, खऱ्या सर्व्हरवर नाही. डेटाबेसचं कुठलं व्हर्जन, पोर्ट कुठला, पहिला अ‍ॅडमिन युजर कसा तयार करायचा, हे तीन प्रश्न रीडमीत हमखास सुटलेले असतात.

पायरी ८: आता ऑटोमेशन

इथपर्यंत सगळं हाताने केलं, आणि ते तसंच करायचं, कारण हाताने नीट येत नाही ते ऑटोमॅटिक केलं तर घाणच वेगाने होते. एक मॉड्यूल मनासारखं झालं की मग गिटहब अ‍ॅक्शन्स किंवा गिटलॅबची सीआय घ्या (कोड बदलला की ठरवलेली कामं ही आपोआप चालवतात) आणि असं लावा: कोणीही पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमधे घ्यायची विनंती, उघडली की फक्त बदललेल्या फाईलचा फरक मॉडेलला जाईल, बरोबर ओळखीची फाईल आणि त्या फाईलशी संबंधित जुनं डॉक्युमेंट जाईल, आणि प्रश्न एवढाच असेल, "ह्या बदलामुळे डॉक्युमेंटमधलं कुठलं वाक्य आता खोटं ठरतं? ते वाक्य आणि त्याऐवजी काय लिहायचं ते दे, काहीच खोटं ठरत नसेल तर 'बदल नाही' एवढंच लिही." हे उत्तर पुल रिक्वेस्टवर कमेंट म्हणून पडू द्या. पूर्ण डॉक्युमेंट परत लिहायला सांगितलं तर एआय दरवेळी शब्द इकडचे तिकडे करतं, मग खरा बदल कुठला हे शोधण्यात रिव्ह्यू करणारा कंटाळतो आणि न वाचताच मंजूर करतो.

काही गोष्टी सोडायच्या नाहीत. एआयने केलेला बदल थेट मेन ब्रँचमधे (मुख्य कोडमधे) जाऊ द्यायचा नाही, माणसाची मंजुरी लागलीच पाहिजे. एपीआय की गिटहबच्या सिक्रेट्समधे ठेवायची, कोडमधे नाही. खर्चाची महिन्याची मर्यादा घालून ठेवायची, कारण चुकून प्रत्येक कमिटला पूर्ण प्रोजेक्ट पाठवला जात असेल तर बिल येईपर्यंत कोणाला समजत नाही. डॉक्युमेंटमधल्या लिंक आणि उदाहरणं तपासायचं काम साध्या स्क्रिप्टने होतं, तिथे एआय नको.

चेंजलॉगसाठी कमिट मेसेजला शिस्त लावावी लागते. कन्व्हेन्शनल कमिट्सची पद्धत घ्या, म्हणजे मेसेजच्या सुरुवातीलाच नवीन सोय आहे, दुरुस्ती आहे की फक्त डॉक्युमेंटचा बदल आहे हे लिहायचं. "चेंजेस", "फायनल", "फायनल २" असल्या मेसेजवरून कुठलंच एआय धड चेंजलॉग करू शकत नाही. मेसेज बरे असले की आवृत्ती निघताना दोन टॅगमधले (दोन आवृत्त्यांच्या खुणांमधले) सगळे मेसेज देऊन एक टीमसाठी आणि एक गिऱ्हाईकासाठी असे दोन चेंजलॉग करून घ्या.

आकृत्या लागत असतील तर मर्मेड वापरा. ते टेक्स्टमधे लिहायचं असतं त्यामुळे एआयला चांगलं जमतं, आणि गिटहब २०२२ पासून ते मार्कडाऊनमधे थेट दाखवतं. एका आकृतीत आठ-दहा चौकोनांपेक्षा जास्त नको.

पायरी ९: वापरणाऱ्यांसाठी मराठी मॅन्युअल

हा भाग नाशिकमधल्या कंपन्यांनी मनावर घ्यायलाच पाहिजे असं मला फार वाटतं. आपलं सॉफ्टवेअर शेडवरचा कारकून वापरतो, काट्यावरचा तोलणारा वापरतो, पॅकहाऊसमधली सुपरवायझर ताई वापरते, आणि मॅन्युअल असतं इंग्रजीत. एआयमुळे मराठी मॅन्युअल करणं आता खूप स्वस्त झालंय, पण इंग्रजी मॅन्युअल देऊन भाषांतर मागितलं तर सरकारी परिपत्रकासारखं काहीतरी येतं, "सदर कळ दाबून नोंद समाविष्ट करावी" वगैरे. त्यापेक्षा स्क्रीनचे फोटो द्या, एका कामाचे टप्पे स्वतः बोलून रेकॉर्ड करा जसं तुम्ही काट्यावर उभं राहून समजावून सांगाल तसं, आणि त्यावरून लिहून घ्या. शब्दांची यादी बरोबर द्या: सेव्ह तर सेव्हच, प्रिंट तर प्रिंटच, लिलाव, गोणी, वक्कल, काटापट्टी हे जसे बोलतात तसेच. तयार झालं की वापरणाऱ्या एका माणसासमोर ठेवा, तुम्ही काही न बोलता त्यांना काम करू द्या, आणि जिथे त्यांचं बोट थांबतं ती ओळ बदला.

पायरी १०: कुठे ठेवायचं

एमकेडॉक्सने मार्कडाऊनच्या फाईलची छान वेबसाईट होते, डॉक्युसॉरसही चांगलं आहे, सुरुवातीला एमकेडॉक्स घ्या, सोपं आहे. फक्त एक सांभाळा, गिटहब पेजेसवर (गिटहबच्या वेबसाईट ठेवायच्या सोयीवर) टाकलेली साईट साधारणपणे सगळ्या जगाला दिसते, रिपॉझिटरी प्रायव्हेट असली तरीही. क्लायंटचं काम असेल तर ती ऑफिसच्या आतल्या सर्व्हरवर नाहीतर पासवर्डच्या मागे ठेवा.

राहता राहिल्या त्या जुन्या वर्डच्या फाईल, गूगल ड्राइव्हवर कुठेतरी "फायनल डॉक" नावाने पडलेल्या असतात. त्या फेकू नका आणि जशाच्या तशा घेऊही नका. पॅनडॉक नावाच्या टूलने त्या मार्कडाऊन करा, मग एआयला जुनं डॉक्युमेंट आणि आत्ताचा कोड दोन्ही देऊन विचारा की कुठली वाक्यं आता जुळत नाहीत. जी यादी येईल ती पुन्हा त्या दादांकडे न्या, कारण न जुळणाऱ्या वाक्यांत काही वेळा डॉक्युमेंट जुनं झालेलं असतं आणि काही वेळा कोडच चुकलेला असतो, आणि हे दोन्ही वेगळे काढणं एआयला जमत नाही. तपासलेला भाग रिपॉझिटरीत आला की ड्राइव्हवरची फाईल रिकामी करून तिथे फक्त नवीन पत्ता लिहून ठेवा.